मधात काय बसलंय

मेच्या शेवटाला माहेरी गेले होते. गावातली डीपी दुपारीच जळालेली, त्यामुळं संध्याकाळी पूर्ण गाव अंधारात, आणि उकाडा असा की भिंतीला हात लावला तर भिंत गरम. हळदीचं काम आवरत आलं होतं, अंगणात ताडपत्रीवर शेवटचा ढीग वाळत पडलेला, आणि शिजवलेल्या हळदीचा तो मातकट, किंचित कडवट वास गच्चीपर्यंत येत होता. आमच्या हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात उन्हाळा म्हणजे हाच वास. वाकळा घेऊन सगळे वर गेलो, भाची गोष्टी ऐकत ऐकत झोपली, वहिनी तर पाठ टेकल्या टेकल्या. रात्री एकच्या सुमाराला मला जाग आली तर दादा बाजेवर उठून बसलेला. "झोपला नाहीस?" म्हणलं, तर म्हणाला, "लाईट आली का बघायलाव." पिकाला पाणी द्यायची लाईट वर्षानुवर्षं रात्री येते, त्यामुळं त्याची झोप तशीच झालीये, काम नसलं तरी मोडते. समोर दक्षिणेला वृश्चिक राशीचा विंचू पूर्ण वर आलेला, नांगीपर्यंत स्पष्ट, आणि त्याच्या डाव्या अंगाला आकाशगंगा इतकी दाट की तिच्यातले काळे पट्टेसुद्धा वेगळे दिसत होते. मी त्याला बोट करून दाखवलं, की नांगीच्या वर, जरा डावीकडं, तिथं आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे, आणि बरोब्बर त्या मध्यात एक ब्लॅक होल आहे, चाळीस लाख सूर्यांपेक्षा जास्त वजनाचं. तो बराच वेळ तिकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मधात बसलंय म्हणल्यावर सगळं तेच खात असंल की. कडंच्याला काय उरतंय." आणि आडवा झाला.

मला मात्र नंतर झोप लागली नाही.

त्याचं वाक्य चुकीचं आहे हे मला माहीत होतं, पण ते ज्या सुरात आलं तो सूर चुकीचा नव्हता. चाळीस वर्षं कोरडवाहू शेती बघितलेल्या माणसाच्या तोंडून 'मध' आणि 'कड' हे शब्द आले की त्यांना आपोआप वजन येतं, त्यावर मी काही बोलणार नाही. मला टोचत राहिलं ते दुसरं. ब्लॅक होल म्हणजे खादाड, सगळं ओढून गिळणारा राक्षस, हे चित्र इतकं घट्ट बसलंय की मोबाईलवर कुठलाही व्हिडिओ लावा, तेच. आणि या चित्रानं नुसती माहिती चुकत नाही, त्याहून मोठी गोष्ट हातातून निसटते. कारण या महाकाय ब्लॅक होलनी, मराठीत कृष्णविवरांनी, दीर्घिकांचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या गॅलक्सींचं, जे काही केलंय, त्या कशा वाढल्या, कुठं थांबल्या, कुठल्या गॅलक्सीत तारे अजून जन्मतात आणि कुठल्या गॅलक्सीत बंदच झाले, ते त्यांनी गिळलेल्या गोष्टींमुळं फारसं झालेलं नाही. ते झालंय त्यांनी न गिळलेल्या गोष्टींमुळं. हे मला त्या रात्री दादाला सांगता आलं असतं, पण दिवसभर हळदीच्या कुकरजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री एक वाजता किती सांगायचं. म्हणून इथं लिहितेय.

आधी खाण्याचंच बघू. आपल्या मध्यातल्या त्या वस्तूचं नाव सॅजिटेरियस ए स्टार, वजन साधारण 43 लाख सूर्य, अंतर 26 ते 27 हजार प्रकाशवर्षं. 43 लाख हा आकडा ऐकला की पोटात गोळा येतो, पण अख्ख्या आकाशगंगेत तारेच शंभर अब्जाच्या वर आहेत, वर वायू, धूळ आणि न दिसणारं डार्क मॅटर वेगळंच, आणि सगळ्यात जास्त वजन त्या न दिसणाऱ्याचं. त्या हिशोबात 43 लाख म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आपला सूर्य सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं आकाशगंगेला फेरी मारतोय, एक फेरी पूर्ण व्हायला 23 कोटी वर्षं तरी लागतात, आणि त्याला त्या फेरीत धरून ठेवलंय ते आतल्या सगळ्या वजनानं मिळून, मधल्या ब्लॅक होलनं नाही. उद्या ते तिथून नाहीसं झालं तरी आपली वाट तसूभर बदलणार नाही. त्याच्या ओढीचा खरा जोर चालतो तो आजूबाजूच्या दहाएक प्रकाशवर्षांत. त्यापलीकडं बाकीच्या ताऱ्यांचंच वजन भारी पडतं.

त्या दहा प्रकाशवर्षांच्या आत मात्र काय चालतं ते बघण्यासाठी माणसांनी आयुष्यं घातलीयेत. तिथं एक तारा आहे, एस टू नावाचा, तो 16 वर्षांत त्या अंधाराभोवती एक फेरी मारतो. 2018 च्या मे महिन्यात तो सगळ्यात जवळ आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर गेला होता. राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ या दोघांच्या दोन वेगळ्या टीम, एक चिलीतल्या दुर्बिणींवर आणि एक हवाईतल्या, नव्वदच्या दशकापासून दरवर्षी तेच तारे, त्याच जागेवर, परत परत मोजत राहिल्या. मोजून मोजून एवढं सिद्ध झालं की चाळीस लाख सूर्यांचं वजन इतक्या लहान जागेत कोंबलेलं आहे की दुसरं काही असूच शकत नाही. 2020 चं नोबेल त्यांना मिळालं, रॉजर पेनरोज यांच्यासोबत. ती बातमी मी ज्या दिवसांत वाचली ते दिवस मला चांगले आठवतात. लॉकडाऊन नुकतं सैल होत होतं, आणि इकडं ऑक्टोबरच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं, शेंगांना मोड आले होते. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली आणि मी मोबाईलवर गेझबाईंचा फोटो बघत बसलेली. आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगता येत नव्हता. पंचवीस वर्षं एकाच जागेकडं बघत राहायचं, आणि हाताला काय लागतं तर एका ताऱ्याची लंबवर्तुळाकार वाट. मला ते त्या दिवसांत फार आधाराचं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही.

मग 12 मे 2022 ला सॅजिटेरियस ए स्टारचा फोटो आला, इव्हेंट होरायझन टेलिस्कोपनं काढलेला, मधे काळं आणि भोवती केशरी कडं. त्याआधी 10 एप्रिल 2019 ला एम 87 नावाच्या दुसऱ्या दीर्घिकेतल्या ब्लॅक होलचा आला होता, ते तर साडेसहा अब्ज सूर्यांचं. आपल्यावाल्याचा व्यास, म्हणजे ज्या सीमेच्या आतून उजेडही बाहेर येत नाही त्या सीमेचा, साधारण अडीच कोटी किलोमीटर. बुध सूर्याभोवती ज्या कक्षेत फिरतो तिच्या आत हे आरामात मावतं. आणि आकाशगंगेचा व्यास यापेक्षा जवळपास चार हजार कोटी पट. आता या दोन आकड्यांकडं बघितलं की कुणीही म्हणेल, एवढ्याशा वस्तूचा एवढ्या मोठ्या पसाऱ्याशी संबंध तो काय असणार.

पण संबंध आहे, आणि तो कळला तेव्हा लोक हादरलेच होते. 2000 साली दोन टीमनी एकाच वेळी ही गोष्ट मांडली, एकीकडं लॉरा फेरारेसे आणि डेव्हिड मेरिट, दुसरीकडं कार्ल गेभार्ट आणि त्यांचे सहकारी. दीर्घिकेच्या मधल्या फुगीर भागात तारे ज्या वेगानं इकडंतिकडं फिरतात तो वेग आणि मधल्या कृष्णविवराचं वजन, हे दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. वेग जास्त असेल तिथं कृष्णविवर जड, कमी असेल तिथं हलकं, आणि नातं इतकं घट्ट की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. आता हे तारे कृष्णविवराच्या ओढीच्या कक्षेबाहेर आहेत, हजारो प्रकाशवर्षं लांब. त्यांना ते मधे बसलंय हे 'माहीत' असायचं काही कारणच नाही. तरी हिशोब जुळतो. म्हणजे कधीतरी, फार पूर्वी, दोघं सोबत वाढले असले पाहिजेत, आणि वाढताना एकाचा निरोप दुसऱ्याला पोचत होता. हा निरोप कसा पोचला, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. ग्रॅव्हिटीनं पोचत नाही हे उघड आहे. मग कशानं?

उत्तराचं एक टोक त्याच्या कितीतरी आधी, 1963 मधेच सापडलं होतं. मार्टेन श्मिट यांनी थ्री सी 273 नावाच्या, साध्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट वाचला आणि लक्षात आलं की तो ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहून लांब आहे. इतक्या लांबून दिसतोय म्हणजे तो शंभर दीर्घिकांपेक्षा जास्त उजेड देत असला पाहिजे. क्वेसार. आज आपल्याला माहितीये की तो उजेड म्हणजे वायू कृष्णविवरात पडायच्या आधी त्याच्याभोवती चकतीत फिरत, घासत, तापत जातो त्याचा. सूर्यात हायड्रोजनचा हेलियम होतो तेव्हा वस्तुमानातला फक्त 0.7 टक्का भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो. कृष्णविवराभोवतीच्या चकतीत साधारण 10 टक्के. या विश्वात सगळीकडं चालणाऱ्या प्रक्रियांमधे एवढी जबर दुसरी नाही. आणि हा हिशोब पुढं नेला, म्हणजे एखादं कृष्णविवर आज जेवढं जड आहे तेवढं होईपर्यंत त्यानं एकूण किती ऊर्जा बाहेर टाकली असेल हे मांडलं, तर ती भोवतालच्या फुगीर भागातला वायू पार हुसकावून लावायला लागणाऱ्या ऊर्जेच्या कित्येक पट भरते. सगळी ऊर्जा वायूला लागत नाही, बरीचशी उजेड होऊन निघून जाते, पण थोडी जरी लागली तरी पुरे.

आत गेलं ते गेलं, त्याचा हिशोब तिथंच संपतो. आत जाताना जे बाहेर पडतं त्याचा हिशोब अब्जावधी वर्षं चालतो.

मला हे सगळ्यात जास्त कळलं ते ढगांमुळं, आणि ही तुलना आमच्याकडच्या माणसाला सुचली नाही तरच नवल. जुलैत आमच्या गावावरून ढग जातात. रोज जातात. पश्चिमेकडून येतात, काळे दिसतात, वारा सुटतो, आई दोरीवरचे कपडे काढते, आणि ढग नांदेडकडं निघून जातात. लहानपणी मला वाटायचं ढगात पाणीच नसणार. नंतर शाळेत कळलं की पाणी असतं, पण सह्याद्री ओलांडून हवा पठारावर खाली उतरते तेव्हा ती तापते, आणि तापलेल्या हवेतली वाफ गोळा होऊन थेंब व्हायला तयार होत नाही. पाणी डोक्यावर आहे आणि पाऊस नाही. आता दीर्घिकांच्या मोठमोठ्या समूहांकडं बघा. तिथं दीर्घिकांच्या मधल्या जागेत वायू भरलेला असतो, आणि त्याचं वजन त्या समूहातल्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या कित्येक पट असतं. एवढा कच्चा माल. तो कोट्यवधी अंश तापलेला असतो, एक्स-रे मधे चमकतो, आणि चमकतोय म्हणजे उष्णता गमावतोय, म्हणजे हळूहळू थंड होऊन मधल्या दीर्घिकेवर उतरायला पाहिजे, आणि त्यातून वर्षाला शेकडो सूर्यांएवढे तारे बनायला पाहिजेत. बनत नाहीत. बनतात ते या हिशोबाच्या मानानं अगदी थोडे. हे कोडं शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळत होतं. वायू आहे, वर लटकलाय, आणि तारे पडत नाहीत. कारण मधल्या दीर्घिकेच्या मधातलं कृष्णविवर त्याला गार होऊच देत नाही. थोडा वायू थंड होऊन आत उतरला की कृष्णविवर जागं होतं, दोन बाजूंनी जेट, म्हणजे जोरदार झोत, सुटतात, ते वायूत पोकळ्या पाडतात, धक्के देतात, सगळं परत तापतं, मग उतरणारा वायू थांबतो, कृष्णविवर शांत होतं, आणि मग परत पहिल्यापासून.

पर्सियस समूहात हे चक्क दिसतं. 25 कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे तो. 2003 मधे चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीच्या फोटोंत, अँड्र्यू फेबियन यांच्या टीमला त्या तापलेल्या वायूत एकामागं एक वर्तुळाकार लाटा दिसल्या, मधल्या कृष्णविवरापासून बाहेर पसरत जाणाऱ्या. ध्वनिलहरी आहेत त्या. वायू आहे म्हणल्यावर आवाज आलाच. त्या सुराचा हिशोब केला तर तो पियानोच्या मधल्या 'सी' पट्टीच्या 57 सप्तकं खाली भरला, म्हणजे एक कंपन पूर्ण व्हायला जवळपास एक कोटी वर्षं. पृथ्वीवर माणूस जन्मायच्या आधी सुरू झालेलं कंपन अजून पुरतं झालेलं नाही. आणि हा आवाज नुसता शोभेचा नाही, तो त्या वायूत ऊर्जा वाहून नेतो, त्याला ऊब देतो, तारे होण्यापासून अडवतो.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला आनंद झाला असं म्हणवत नाही. पाऊस अडवणाऱ्या गोष्टीचं कौतुक आमच्याकडच्या माणसाला सहज जमत नाही. 2015 ला विमानातून ढगांवर फवारणी करून पाऊस पाडायचे प्रयोग झाले, लोक गच्चीवर उभं राहून विमान शोधायचे, आणि पुढच्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माझी नणंद तेव्हा लातूरला होती. ती फोनवर बोलताना मागं घागरींचा आवाज यायचा, अगदी रात्री अकरालासुद्धा. अशा जागची मी, आणि मला वाचायला मिळतं की या विश्वात कच्चा माल भरपूर असूनही तारे होऊ न देणारं काहीतरी प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मधात बसलंय. पहिली प्रतिक्रिया दादाचीच होती, खरं सांगायचं तर. पण मग दुसऱ्या बाजूनं बघा. विश्वात तारे जन्मायचा जोर दहा अब्ज वर्षांपूर्वी सगळ्यात जास्त होता, आणि तेव्हापासून तो उतरत आलाय. कंप्युटरमधे विश्व बनवून बघणारे लोक जेव्हा कृष्णविवरांचा हा तापवण्याचा भाग वगळतात तेव्हा त्यांच्या मोठ्या दीर्घिका भलत्याच फुगतात, खऱ्या आकाशात दिसतात त्याच्या कितीतरी जास्त ताऱ्यांच्या होतात. तो भाग घातला की मग हिशोब खऱ्या आकाशाच्या जवळ येतो. म्हणजे आज आपण जे आकाश बघतो, त्यातल्या मोठ्या दीर्घिकांचा आकार, रंग, वय, यात या अडवण्याचा वाटा आहे. ज्या मोठ्या लंबगोल दीर्घिका लालसर, म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेल्या दिसतात, त्या तशा आहेत कारण त्यांच्यात नवीन निळे तारे जन्मणं फार पूर्वी थांबलं. यात दुःख मानायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

2016 चं ते वर्ष मला आणखी एका कारणासाठी विसरता येत नाही. 11 फेब्रुवारीला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं जाहीर केलं की दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना अवकाशालाच बसलेला हिसका त्यांनी पकडलाय, आणि आठवडाभरात, 17 फेब्रुवारीला, भारतात तसंच यंत्र उभारायला सरकारनं तत्त्वतः मंजुरी दिली. पुढं जागा ठरली ती आमच्याच जिल्ह्यातली, औंढा नागनाथजवळचं दुधाळा. एप्रिल 2023 मधे 2600 कोटींच्या खर्चालाही मंजुरी मिळाली. म्हणजे एकाच वर्षी, दोनेक महिन्यांच्या अंतरानं, मराठवाड्याला पाण्याची रेल्वे आणि हे. औंढ्याला आम्ही लहानपणी दर श्रावणात जायचो, गर्दीत आईचा पदर धरून, बेलाच्या आणि ओल्या दगडाच्या वासात. नर्सीच्या नामदेवांना कीर्तन करायला मागच्या बाजूला जायला लावलं तर देऊळच फिरलं, ही गोष्ट आजी तिथंच बसून सांगायची. त्याच रस्त्यावरून आता जाताना मी दोन्हीकडची माळरानं बघते, आणि चार-चार किलोमीटरचे दोन सरळ हात या मातीवर आखलेले डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करते. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक हालचाल मोजायची म्हणून जमीन शांत पाहिजे, लांबून ट्रक गेला तरी चालत नाही. ज्या शांततेला आमच्याकडं मागासलेपण म्हणतात ती इथं कामाला आली, याचं मला फार बरं वाटतं.

पण एक गोष्ट लोकांपर्यंत पोचायला हवी, की दुधाळ्याला जी कृष्णविवरं 'ऐकू' येतील ती लहान, ताऱ्यांच्या मरणातून झालेली, काही सूर्यांपासून शे-दीडशे सूर्यांपर्यंतची वगैरे. दीर्घिकांच्या मधातली महाकाय जोडी एकमेकांभोवती इतक्या सावकाश फिरते की तिची एक लाट पुरी व्हायला वर्षं लागतात, चार किलोमीटरच्या यंत्राला ती कळणारच नाही. त्यासाठी लोकांनी वेगळीच युक्ती केली. पल्सार नावाचे मेलेले तारे घड्याळाच्या काट्यानं रेडिओचे ठोके देत राहतात, ते ठोके वर्षानुवर्षं मोजायचे आणि त्यांत किंचित मागंपुढं होतं का बघायचं. जून 2023 मधे जगभरातल्या टीमनी सांगितलं की होतं, आणि सगळीकडून मिळून होतं, त्यातून अशा महाकाय जोड्यांच्या एकत्रित गुणगुणीचे पुरावे मिळतायत. यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचंही मोजमाप होतं. पुढं युरोपची लीसा नावाची मोहीम आहे, तीन यानं एकमेकांपासून 25 लाख किलोमीटरवर, तिला जानेवारी 2024 मधे मान्यता मिळाली. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या मधातली दोन कृष्णविवरंही शेवटी एक होतात, आणि त्या गडबडीत भरपूर वायू आत ढकलला जातो, मग क्वेसार पेटतो, मग वारा सुटतो. दीर्घिकेच्या आयुष्यातलं मोठं वळण बऱ्याचदा तिथंच येतं.

आपलं कृष्णविवर नेहमीच असं गप्प होतं असंही नाही. 2010 मधे फर्मी दुर्बिणीनं आकाशगंगेच्या वर आणि खाली दोन प्रचंड बुडबुडे शोधले, प्रत्येक 25 हजार प्रकाशवर्षं उंच. बऱ्याच जणांच्या मते ते काही दशलक्ष वर्षांपूर्वी याच कृष्णविवरानं सोडलेल्या ऊर्जेचे आहेत. आणि त्याहून जवळची गोष्ट, 2023 मधे आयएक्सपीई या उपग्रहानं तिथल्या वायूच्या ढगांवरून परतणाऱ्या एक्स-रे उजेडाचा अभ्यास केला, तर कळलं की आपल्याला दिसणाऱ्या काळाच्या हिशोबानं साधारण 200 वर्षांपूर्वी ते थोड्या वेळासाठी चांगलंच भडकलं होतं. 200 वर्षांपूर्वी म्हणजे इथं निजामाचं राज्य, आमच्या वाड्याची पहिली भिंतही उभी नसेल, आणि असंच मेमधे माळवदावर झोपलेलं कुणीतरी त्याच दिशेला बघत असेल. त्याला काही दिसलं नसतं, मधे धुळीचा पडदा आहे. पण उजेड येऊन गेला.

आधी कोण, दीर्घिका का कृष्णविवर, हा वाद मला वाटायचं मिटलाय, सोबत वाढले म्हणून. तर 2023 मधे जेम्स वेब आणि चंद्रा या दोन दुर्बिणींनी मिळून यूएचझी वन नावाची एक दीर्घिका दाखवली, विश्वाचं वय फक्त 47 कोटी वर्षं असतानाची. तिच्या मधातलं कृष्णविवर जवळपास तिच्यातल्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाएवढंच. आजच्या दीर्घिकांत हेच प्रमाण हजारात एक-दोनाच्या आसपास असतं. म्हणजे तिथं तरी कृष्णविवर फार पुढं होतं आणि तारे मागून येत होते. कोइम्बतूरला जन्मलेल्या आणि येल विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रियंवदा नटराजन कित्येक वर्षं हेच मांडत आल्यात, की काही कृष्णविवरं ताऱ्याच्या मरणातून न होता थेट वायूचा प्रचंड ढग कोसळून झाली असतील, जन्मतःच जड. यूएचझी वन त्यांच्या मांडणीला फार जवळून जुळते. आपल्या मांडणीतली गोष्ट इतक्या वर्षांनी खरोखर आकाशात दिसावी, हे किती जणांच्या नशिबात असतं.

आणि सगळी कृष्णविवरं अडवतातच असंही नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तीनेक कोटी प्रकाशवर्षांवर हेनिझ टू-टेन नावाची एक छोटी दीर्घिका आहे, तिच्या मधल्या कृष्णविवरातून निघालेला प्रवाह जवळच्या दाट वायूवर सावकाश जाऊन आदळतो, आणि त्या दाबानं तिथं नवे तारे जन्मतायत. 2022 च्या जानेवारीत हबलच्या निरीक्षणांतून हे मांडलं गेलं. प्रवाह तोच, पण वेग कमी, वायू थंड आणि दाट, तर जन्म होतो. मोठ्या दीर्घिकेत वायू तापलेला, विरळ, जेट जोरदार, तर अडतं. यात हेतू कुणाचाच नाही. काय होणार ते आजूबाजूच्या वायूवर ठरतं.

यातलं दादाला सांगण्यासारखं एकच मी निवडून ठेवलंय. 2016 मधे जवळच्या दीर्घिकांचा एक अभ्यास झाला होता, त्यात ताऱ्यांचं एकूण वजन सारखं असलेल्या दीर्घिका एकमेकींशेजारी ठेवल्या तर दिसलं की जिच्या मधातलं कृष्णविवर जास्त जड, तिच्यात तारे जन्मणं जास्त थंडावलेलं. आता आपली शेजारीण देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा, घ्या, 25 लाख प्रकाशवर्षांवर. तिच्या मधातलं कृष्णविवर दहा कोटी सूर्यांच्या वर, आपल्याच्या निदान पंचवीस-तीस पट. आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांएवढे नवे तारे होतात, देवयानी आपल्याहून मोठी असून तिच्यात होतात ते याहून कमी. एका जोडीवरून नियम ठरत नाही, तिच्या पोटात पूर्वी दुसऱ्या दीर्घिका गेल्याचे माग आहेत, त्याचाही यात वाटा असणार. पण आपल्या मधातलं लहान राहिलं, आणि आपल्या कडंला, आपण राहतो त्या भागात, मृग नक्षत्रातल्या त्या धूसर तेजोमेघात नुसत्या दुर्बिणीनं बघितलं तरी नवे तारे होताना दिसतात. कडंला उरलंय. वायू उरलाय, थंड, दाट, तारे होण्यालायक. दिवाळीला जाईन तेव्हा लक्ष्मीपूजनाची अमावस्या असते, फटाके थांबले की दहा-अकराच्या पुढं देवयानी डोक्यावर, उत्तरेकडं जराशी कललेली असते, नुसत्या डोळ्यांना पुसट डाग दिसतो. त्याला तो डाग दाखवून सांगायचंय की तिकडचं आपल्याहून तीसपट जड आहे आणि तिथं तारे कमी होतात. यावर तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय.